खडकआजोबांना फुटला पाझर

एक होती मुंगी. अगदी एकटी. आई नाही, ताई नाही, पुढेमागे रांगसुद्धा नाही. तिच्याजवळ होता ज्वारीचा एक दाणा. मुंगी त्याच्याशीच बोलायची. दाणा बोलायचा नाही, पण ऐकायचा.

एकदा काय झालं, उन्हाने काळ्या मातीला पडली भेग. दाणा सुटला. टुणुक टुणुक, गुडूप. आता मुंगी बोलणार कुणाशी?

"काळीमाय, काळीमाय, माझा दाणा दे."

काळी म्हणाली, "घसा सुकलाय गं. ओहळ वाहील, मी फुगेन, तेव्हा दाणा वर देईन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"ओहळदादा, ओहळदादा, काळी फुगेना, दाणा मिळेना."

ओहळ म्हणाला, "मीच कोरडा. मुरूम पाणी सोडील, तेव्हा वाहीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मुरूम होता तांबूस. पाय ठेवला की भुरभुर.

"मुरूमकाका, मुरूमकाका, ओहळ वाहीना, काळी फुगेना, दाणा मिळेना."

मुरूम म्हणाला, "खडकाला पाझर फुटेल, तेव्हा सोडीन. पण दगडाला कधी पाझर फुटतो का?"

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. माळ चढली. माथ्यावर खडक. काळा, टणक, एकटा.

"खडकआजोबा, खडकआजोबा, मुरूम सोडीना, ओहळ वाहीना, काळी फुगेना, दाणा मिळेना."

मुंगी दमली होती. तिथेच बसली.

खूप वेळाने खडक बोलला. "पूर्वी मी आग होतो. लाल लाल, पातळ. निवलो आणि खडक झालो. मी झिजलो, मुरूम झाला. मुरूम झिजला, काळी झाली. लेक खाली गेला, नात खाली गेली. वर कुणी येतच नाही."

मुंगी म्हणाली, "मलाही कुणी नाही."

आणि खडकाला पाझर फुटला. टिप टिप टिप.

खडक पाझरला. मुरमाने सोडलं. ओहळ वाहिला. काळी फुगली, टम्म. आणि भेग मिटली.

दाणा आतच राहिला. मुंगीला रडू आलं. काळी म्हणाली, "थांब गं. वर देईन म्हटलंय ना?"

मुंगी थांबली. खूप दिवस थांबली. मग आला हिरवा कोंब. कोंबाचं झालं ताट. ताटाला आलं कणीस. कणसात दाणेच दाणे.

मुंगीने एक दाणा उचलला. तुरुतुरु तुरुतुरु. माळ चढली. दाणा खडकाच्या खोबणीत ठेवला.

"आजोबा, मी नसेन तेव्हा याच्याशी बोला. हा बोलत नाही, पण ऐकतो."

खडकाने गोष्ट सांगितली. दाण्याने ऐकली. आता तुम्हीही ऐकलीत.