अपुरं पाऊल

"तिचं चित्र इथे कसं आलं, मास्तर?"

दालनाच्या उंबऱ्यातच श्रीरंगनं विचारलं. आवाज दाबूनच विचारलं होतं, पण त्या उंच छताखाली तोही मोठा झाला.

म्हांबरे मास्तर जिना चढून दमले होते. भिंतीपाशी बाक होता, त्यावर बसून ते म्हणाले, "खिळा मारून आलं असणार."

श्रीरंगला हसू आलं नाही.

गोव्यात साष्टीतल्या एका धनाढ्य घराण्यानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधलेली ही बरोक थाटाची हवेली. दोन्ही अंगांनी वळत वर जाणारा जिना, पीळ घातलेले खांब, सोनेरी वेलबुट्टीचं छत आणि कोपऱ्याकोपऱ्यात गुबगुबीत देवदूत. आता तिथे चित्रांचं संग्रहालय होतं. श्रीरंगनं आणलेल्या चित्रांची गुंडाळी त्याच्या काखेत होती. मास्तरांनी शब्द टाकल्यामुळे संचालिकाबाईंनी ती बघायला चारची वेळ दिली होती. तासभर हाताशी होता, म्हणून दोघं दालनं बघत निघाले. आणि तिसऱ्या दालनात समोरच फिलोमेना कार्दोझनं काढलेलं चित्र.

मास्तरांकडे श्रीरंगनं चौदा वर्षं काढली होती. रंग घोटले, कॅनव्हास ताणले, मास्तरांच्या दुखण्यात रात्री जागवल्या. फिलोमेना तीनच वर्षं आली, त्यातही निम्मे दिवस गैरहजर. आणि आज तिच्या चित्राला अख्खी भिंत मिळाली होती.

चित्रात एक म्हातारी होती. दाराशी वाकून, एक हात भिंतीला टेकून, चपला घालणारी. बस्स, एवढंच.

"खांदा बघा, मास्तर. केवढा लांब काढलाय!"

"लांब आहे."

"उजेड दारातून येतोय, आणि मागूनही येतोय. असं कधी होतं?"

"नाही होत."

"आणि ही भिंत! नुसती मोकळी. मी अशी सोडली असती तर तुम्ही माझ्या हातातला ब्रश काढून घेतला असतात."

"घेतला असता."

मास्तर एकदा तरी नाही म्हणतील, तिची बाजू घेतील, मग आपल्याला भांडता येईल, असं श्रीरंगला वाटत होतं. ते प्रत्येक गोष्ट कबूल करत होते, त्यामुळे तो जास्तच जळत होता.

"डावं पाऊल तर पुरंच केलेलं नाही. चार फटकारे मारले आणि सोडून दिलं!"

"सोडून दिलंय खरं... आणखी?"

आणखी दाखवायला श्रीरंग पुढे सरकला. मग मागे आला. मग गुंडाळी जमिनीवर ठेवून उकिडवा बसला आणि त्या पावलाकडे बघत राहिला.

पहारेकरी कायतान दारात आला. "मॅडम बोलावतात. चार वाजले."

"आलोच," श्रीरंग मान न वळवता म्हणाला.

खांदा लांब होता, कारण म्हातारीचा हात भिंतीपर्यंत पोचायला धडपडत होता. हे त्याला दिसलं आणि आवडलं नाही. तो दुसरी चूक शोधू लागला. मागचा उजेड... मागे घर होतं. घरात कुणीतरी दिवा लावून ठेवला होता, म्हातारीला थांबवायला. हेही दिसलं.

कायतान पुन्हा आला. काहीतरी बोलला. थोडा वेळ उभा राहिला, मास्तरांकडे बघितलं, आणि निघून गेला.



खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या पातळ शिंपल्यांतून येणारं ऊन भिंतीवरून सरकत छताच्या सोन्यापर्यंत चढलं. श्रीरंग तसाच होता.

"मास्तर..." किती वेळानं तरी तो म्हणाला. "पाऊल पुरं केलं असतं, तर म्हातारी गेली असती."

"हं."

"ती अजून ठरवतेय... जायचं की नाही. म्हणून सोडलंय." त्याचा आवाज फाटला. "हे मला सुचलं नसतं. चौदा वर्षं काय, चाळीस वर्षांत सुचलं नसतं. मला तिचा राग येतोय, मास्तर. आत्ताही येतोय."



खाली घंटा झाली. कायतान एकेक खिडकी लावत दालनात आला.

"बंद करतो आता. पाच वाजले."

श्रीरंग ताडकन उठला. "आणि मॅडम?"

"त्या गेल्या. पंधरा मिनिटं झाली. मी दोनदा सांगायला आलो होतो."

श्रीरंगनं गुंडाळी उचलली. तिच्यावरची धूळ झटकली, उगाचच पुन्हा झटकली. या चार वाजण्यासाठी त्यानं सहा महिने मास्तरांची विनवणी केली होती. तो बाकाकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही इथेच बसला होतात. मला आठवण का नाही केलीत?"

मास्तर भिंतीचा आधार घेत सावकाश उठले. फिलोमेनाच्या चित्राकडे त्यांनी एकदा बघितलं, मग श्रीरंगकडे.

"मी दुसरंच आठवत बसलो होतो," ते म्हणाले. "माझ्या कुठल्या चित्रासमोर तू एवढा वेळ थांबला होतास, ते..."