ज्याची जवारी बंद, त्याचा चहा

"उघडी आहे की बंद, एवढंच सांगा की मामू!"

जुबेदा नवा तंबोरा समोर धरून बसली होती.

"बंद," दस्तगीरमामू खेकसले. "ऊठ, चहा टाक."

मिरजेतल्या त्या दुकानात कायदा एकच. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, ती कानशीने अशी घासायची की तार वाजून थांबत नाही, गुंजत राहते. ती गुंज म्हणजे जवारी. गुंजली तर उघडी, नाहीतर बंद. आणि ज्याची जवारी बंद, त्याने चहा टाकायचा.

जुबेदा दहा वर्षं चहा टाकत होती.

आईबाप गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामूंनी तिला इथे आणलं. ती रडायला लागली, तर हातात कानस देऊन म्हणाले, "रडायचंय तर रड. हात चालू ठेव."

असा माणूस. चुकलं की कानशीची मूठ पाठीत. पोरीला ताप आला, तर तीन दिवस उशाशी बसून तापालाच शिव्या. अलीकडे तर आवाज इतका चढला होता की आज जुबेदाचं काय चुकलं, ते पलीकडच्या गल्लीलाही कळायचं. म्हातारपणी स्वभाव बिघडतो, असं लोक म्हणत.

आज मात्र जुबेदा चहाला उठली नाही.

"पुण्याच्या दुकानातून दोनदा बोलावणं आलंय," ती म्हणाली. "तिथं माझ्या हाताला मान आहे. आज उघडी म्हणालात तर राहते. नाहीतर उद्याच्या गाडीने चालले."

मामूंनी नुसती हाताने खूण केली. पुन्हा छेड.

तिने घोडीवर कानशीचे दोन हात मारले. राग असा आला होता की तारेला बोट लावावंसंही वाटेना. तिने बोटं वरच्यावर हवेतच फिरवली.

मामूंनी मान कलती केली. डोळे बारीक केले. नीट ऐकलं.

"बंद."

...

"मामू," जुबेदा म्हणाली, "मी तार छेडलीच नाही."

मामू तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग मान खाली घालून कानस पुसायला लागले.

"कधीपासून?"

तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी वर बघितलं, तेव्हा तिने पुन्हा विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मग दोन वर्षं बंद, बंद म्हणून कशावरून ओरडत होतात?"

"तुझ्या तोंडावरून," मामू म्हणाले. "तार छेडलीस की लगेच माझ्याकडे बघायचीस."

जुबेदाला हसूही आलं आणि रडूही आलं. आधी कोणतं येऊ द्यावं, ते कळेना. तिने कानस उचलली आणि हात चालू ठेवला.

एक हात. छेडलं. आणखी अर्धा...

तिने डोळे मिटले. जवारी उघडायचा सुती दोरा दाताने तोडून तार आणि घोडीच्या मधे सरकवला, गुंज नेमकी उघडेल तिथवर. त्या दुकानात हे काम आजवर फक्त मामूंचं होतं.

तार गुंजली. गुंज भिंतीवर टांगलेल्या भोपळ्यांत शिरली, दाराबाहेर गेली. रस्त्यातला फळवाला हातगाडी थांबवून उभा राहिला. जुबेदा ऐकत बसली. किती वेळ, ते तिलाच ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा मामूंची जागा रिकामी होती.

ते कोपऱ्यात स्टोव्हपाशी उकिडवे बसले होते. पातेल्यात पाणी चढलं होतं. एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्या हातातला चमचा तसाच अधांतरी.

"जुबे," ते तिथूनच ओरडले, "तू साखर किती घेतेस गं?"