टेम्पोचे गोंडे

“फादर, नियम सगळ्यांना सारखा नको का?”

ब्रदर अमोसने हातातलं पोतं ओसरीवर आपटलं. नुकताच सेमिनरीतून, पाद्री होण्याचं शिक्षण घेऊन, आमच्या गावच्या चर्चमध्ये आलेला पोरगा. अभ्यासात पहिला, आणि ते त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं! पण म्हाताऱ्या पाटोळे फादरांवर त्याचा भारी जीव. त्यांचं औषधपाणी तोच बघायचा.

पोत्यात लाल-पिवळे गोंडे होते, दोन छोटे आरसे, चमकीच्या झिरमिळ्या.

शमुवेलने जन्मभर टेम्पो हाकला. तो गेला, टेम्पो विकावा लागला. त्याच्या बायकोने, मार्थाबाईने, टेम्पोचा साज तेवढा काढून ठेवला आणि नवऱ्याच्या कबरीला लावला. दर रविवारी येऊन आरसे पदराने पुसायची.

ब्रदरने दफनभूमीसाठी नवा नियम केला होता. कबरीवर फक्त पांढरी फुलं, बाकी काही नाही. म्हणून आज सकाळी त्याने शमुवेलच्या कबरीवरचा साज उतरवून आणला होता.

“मार्था काय म्हणाली?” फादरांनी विचारलं.

“भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती कबरीपाशी बसून राहिलीय सकाळपासून. म्हणते, हा माझा माणूस नव्हेच. भलत्याच कबरीवर आले वाटतं.”

“जेवली का?”

“नाही...”

फादरांनी पोत्यातला एक आरसा उचलून बघितला. ब्रदरला राहवेना.

“तुम्हीच सांगा, आज गोंडे चालवून घेतले, उद्या कुणी हॉर्न आणून लावील! दफनभूमी आहे की जत्रा?”

“हॉर्न नको रे बाबा. शेवटच्या न्यायाच्या दिवसाआधीच कबरीतून उठून बसतील सगळे.”

“मस्करी नको, फादर. ज्यांच्याकडे पैसा ते संगमरवर लावतात, गरिबाच्या कबरीवर नुसती माती. मेल्यावर तरी माणसं सारखी दिसावीत.”

“हं... खरं आहे तुझं.” फादर पाय पोटाशी घेऊन बसले. “बरं, मी गेल्यावर माझ्या कबरीवर काय ठेवशील?”

“असलं काहीतरी बोलू नका हो!”

“जायचंय तर खरं. सांग ना.”

“पांढरी फुलं. निशिगंध.”

“फुलांनी मला शिंका येतात.”

ब्रदरला हसूच फुटलं. मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळीसुद्धा फादर वेदीवरची फुलदाणी हळूच लांब सरकवायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“मग काय ठेवशील?”

“मग... चहा ठेवीन. आलं ठेचून घातलेला. तुमच्या त्या कान तुटलेल्या कपात. दुसऱ्या कपात दिला तर तुम्ही घेता कुठे...”

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, तसं त्याने तोंड फिरवलं.

“नियमात बसतो का?” फादरांनी हळूच विचारलं.



ब्रदर उठला. स्वयंपाकघरात जाऊन डबा भरून आणला. मग पोतं खांद्यावर घेतलं.

“मार्थाबाईंना विचारून लावतो सगळं. कुठला गोंडा कुठे होता, मला नाही आठवत,” तो कसाबसा म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

फाटकापाशी पोचतो तोच मागून हाक आली.

“अमोस! डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय... त्या चहात मात्र घाल हं, बाळा. चांगली दोन चमचे.”