गाणारा माळी आणि राणीचा मोगरा

एका गावात एक माळी होता आणि त्याचा गळा मोठा गोड होता. रोज सकाळी तो गात गात मोगऱ्याच्या वाफ्यांतून फिरायचा. हातातली कात्री गाण्याच्या ठेक्यावर चालायची, वाळके शेंडे खाली पडायचे. मोगरा असा फुलायचा, की वाटसरू थबकायचे.

"माझं गाणं ऐकून फुलतो तो!" माळी ऐटीत सांगायचा. गावालाही ते पटलं होतं.

ही कीर्ती राणीच्या कानावर गेली. तिच्या बागेतला मोगरा रुसला होता आणि पुढच्या वैशाखात लेकीचं लग्न होतं. तिने निरोप धाडला, "थंडी सरली की या, आमच्या मोगऱ्यापुढे गा."

माळी हरखून गेला. माळीण मात्र म्हणाली, "अहो, न गाता फुलतो का, ते कधी पाहिलंय?"

"त्यात काय पाहायचं?" माळी फुरंगटला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ऐन लग्नात फुलंच आली नाहीत तर?

बहर अजून सरला नव्हता. त्याने शेजारशेजारचे दोन वाफे निवडले. दोन्हींना ऊन सारखं, पाणी सारखं. एका वाफ्यापुढे तो हात मागे बांधून जीव ओतून गायचा. दुसऱ्यात ओठ घट्ट मिटून नुसते शेंडे छाटायचा. गाणं ओठांवर यायचं, तो गिळून टाकायचा. माळीण पदर तोंडाला लावून हसायची.

काही आठवड्यांनी मुका वाफा कळ्यांनी लगडला. गाण्याच्या वाफ्यात नुसता पाला!

माळी मटकन बांधावर बसला. चेहरा पडला. मग त्याला एकदम हसू फुटलं. "अगं, इकडे ये! मी चुकलो! गाण्याने नाही, छाटणीने फुलतो हा!" तो इतक्या आनंदाने ओरडला, की शेजारी धावत आले.

"राणीला सांगू नकोस, मान जाईल," ते म्हणाले.

माळ्याने ऐकलं नाही. थंडी सरल्यावर दरबारात जाऊन त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. दरबारी हसले. प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, हा झाडं कापून मारून टाकील!"

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," माळी म्हणाला. "एक ओळ न छाटता ठेवा आणि स्वतःच पाहा."

राणीला ते आवडलं. "कापा," ती म्हणाली.

वैशाखात बाग पांढरीशुभ्र झाली. न छाटलेली ती एक ओळ तेवढी हिरवीगार उभी होती. नवरीच्या वेणीपासून हत्तीच्या गळ्यापर्यंत मोगराच मोगरा! लग्न लागताच प्रधान कात्री घेऊन त्या ओळीकडे निघाला. मागून राणी हसत म्हणाली, "प्रधानजी, आधी माळ्याला विचारा, कुठून कापायचं ते!"

तात्पर्य: जी गोष्ट खरी असावी असं आपल्याला मनापासून वाटतं, तीच आधी पारखून पाहावी.