कोब्याखालचा नळ

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं उठवलंय. गावात चार बुकं शिकलेली माणसं मोप आहेत, त्यांना सोडून माझ्याच मानगुटीवर बसता. बरं, ऐका. मध्ये बोलायचं नाही.

एका गावात एक तांबट राहत होता, केरबा. त्यानं घरात नवा कोबा घालायला काढला. जुनी जमीन उकरली तेव्हा मोरीचं सांडपाणी परसात नेणारा मातीचा नळ उघडा पडला. आजोबाच्या वेळचा, जागोजाग तडकलेला.

गवंडी म्हणाला, "केरबा, जमीन उघडी आहे तोवर हा बदलून घे."

"जमिनीखालचं कोण बघायला येतंय? झाक."

कोबा झाला. लालबुंद, आरशासारखा. सारा गाव बघून गेला.

वर्ष सरलं नाही तोच घरात घाण वास सुटला. केरबाची बायको भागीरथी हिनं सुनेला धारेवर धरलं. सून नवी, सुंदरा नावाची. तिचा नवरा भांडी विकायला बाजारोबाजार फिरायचा, घरात तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. ती राखेनं, काथ्यानं मोरी घासायची. बोटं सोलून निघाली, वास हटेना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले, तशी भागीरथी सगळ्यांदेखत कडाडली, "आईनं मोरी धुवायचंसुद्धा शिकवलं नाही, दिली आमच्या गळ्यात बांधून!"

केरबा सोप्यात बसून ऐकत होता. वास कुठला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अगदी जिभेवर आलं. पण बोलावं तर कोबा फोडावा लागणार, वर गवंडी हसणार. तो उठून परसात निघून गेला.

सुंदरानं वाण वाटून पुरं केलं आणि सकाळी माहेरची वाट धरली.

वास तसाच. आता बोल लावायलाही घरात कुणी उरलं नाही. तेव्हा कुठं केरबानं पहार उचलली. कोब्याखाली नळाचा भुगा आणि काळा चिखल. तो बघून भागीरथीला कळलं, पोरीचा काही दोष नव्हता. केरबानं बिडाचा नवा नळ टाकला, वर कोबा केला. वास गेला.

मग तो सुनेला आणायला गेला. ओसरीवर तिची आई बसली होती.

"विहीणबाई, पोरीला धाडा. नळ बदललाय."

"फुटलाय हे तुम्हाला कधी कळलं?"

खरं बोलायला एक श्वास पुरला असता. केरबा म्हणाला, "आत्ताच. उकरल्यावर."

सुंदरा दाराआडून पुढं आली. "मामंजी, गवंडीबाबा कालच येऊन सारं सांगून गेले. तुम्ही खरं बोलता का, तेवढंच ऐकायला थांबले होते. वास सोसला मी. हे नाही सोसायची."

केरबा एकटाच परत फिरला.

तात्पर्य: जमिनीखालची घाण पहारीनं निघते. दुसऱ्याच्या माथी मारलेली घाण आपल्या तोंडानं कबूल केल्याबिगर निघत नाही.

आणि हे आधी त्याला जाऊन ऐकवा, ज्यानं चावडीवर चारचौघांत मला लबाड म्हटलं आणि अजून माफी मागितली नाही: खालच्या आळीचा हणमा डांगे.