शेठचा साडेआठशे वॅटचा डबा

माझी नात शर्वरी ऱ्हाते तिकडं पोलंडात. तिला जवळनं बघून सहा वर्सं झाली. फोनवर म्हनली, "आबा, तुमी पन कंप्यूटर घ्या. गेममदी आपन दोघं एकाच गाडीतनं हिंडू." मग काय, गेलो श्रीपालशेठच्या दुकानात.

शेठनं भारीतलं ग्राफिक्स कार्ड दावलं, आन त्याला वीज पुरवायचा डबा, पावर सप्लाय, म्होरं सरकवला. मी उचलून बघितला. चाळीस वर्सं पंपाच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरलीया, हाताला तांबं कळतं. डबा निस्ता फुलावानी हलका.

"शेठ, ह्याला कार्ड झेपंल?"

"आजोबा, वर साडेआठशे वॅट छापलंय. वाचता येतं का?"

"न्हाई बा. म्हनून डोळ्यांनीच बघतो. तुमच्या काचंतल्या त्या झगमगत्या कंप्यूटरला ह्योच डबा लावा आन गेम चालू ठेवा. मी च्या पिऊन येतो."

शेठनं काचंकडं बघितलं, माज्याकडं बघितलं, आन आतनं चांगला जड डबा आनला.

आता सांजच्याला गेममदी शर्वरी गाडी चालवती, मी शेजारी बसतो. वळनावर तिला धरायला जातो, तर हात कंप्यूटरच्या काचंलाच लागतो.