हत्तीण गेल्यावर

"हा फोटो पुसून टाकू का, चाचा?"

हमीदचाचांनी गुणाजीच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. जीपचं इंजिन बंद होतं. केनियाचं माळरान चहूकडे पसरलेलं, आणि त्यात ही दोनच माणसं.

चाचा मूळचे दापोलीकडचे, पण जन्म इथलाच. गुणाजीचा थोरला भाऊ दत्ताराम याच जीपमध्ये त्यांच्या हाताखाली जनावरांचे फोटो काढायला शिकला. गेल्या महिन्यात तापाने गेला. गुणाजी पोचला तेव्हा राख आणि कॅमेरा, एवढंच उरलं होतं.

कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो नुसत्या गवताचा होता. पिवळं, वाऱ्याने वाकलेलं. जनावर नाही, झाड नाही.

"चुकून दाबलं गेलं असेल बटण," गुणाजी म्हणाला. "दुनियेचे फोटो काढले, स्वतःचा एक नाही. आई विचारते, हार कुठल्या फोटोला घालू? म्हटलं, त्याने काढलेला शेवटचा फोटो तरी भिंतीवर लावू... तर हे गवत."

"मग?"

"मग मी काढतो हत्ती. आईला सांगतो, दादाने काढला."

"खोटं सांगशील?"

"तुम्ही येणार आहात तिला खरं सांगायला?"

चाचा हसल्यासारखे झाले. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाभळींआडून एक हत्तीण निघाली. एकटीच. जीपकडे न बघता संथ चालत राहिली.

गुणाजी धडपडत उठला, तशी जीप हलली. तो बटण दाबतच सुटला. हत्तीण लांब जाऊ लागली, तसा लेन्स फिरवून तिला जवळ ओढत राहिला. ती दिसेनाशी होईपर्यंत त्याचं बोट थांबलं नाही.

"बघा." त्याने कॅमेरा पुढे केला. "सुरकुती न् सुरकुती आलीय. काही सुटलं नाही."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"चांगलाय. पण दत्तारामचा नाही."

"आईला काय कळतंय?"

"सोंड कडेला थडकलीय हिची." चाचांनी फोटोच्या कडेवर नख टेकवलं. "जनावर जिकडे निघालंय, तिकडे जागा ठेवायची. पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्याला. कधी विसरला नाही."

गुणाजी खाली बसला. हत्तीण गेली तिथलं गवत अजून हलत होतं...

"त्या शेवटच्या दिवशी तुम्ही होतात ना जवळ?"

"होतो. हत्तीणच आली होती. कॅमेरा डोळ्याला लावून बसला. ती गेली, मग बटण दाबलं."

"का?"

"मी विचारलं नाही."

गुणाजीने हत्तीण गेली त्या दिशेला पाहिलं.

"किती जागा ठेवायची, चाचा?"

चाचांनी कॅमेरा हातात घेतला. एकेक फोटो मागे सारत गेले. हत्तीण... हत्तीण... हत्तीण... पिवळं गवत आलं, तसे थांबले. कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"एवढी."